आयत्या वेळचे विषय

सांगलीच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेत बाबा अनेक वर्षे मानद सचिव होते. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस ते स्वतःच्या अक्षरात लिहीत आणि ती जिन्याखालच्या फळ्यावर सभेच्या आधी पूर्ण चौदा दिवस लागलीच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. त्या नोटिशीच्या तळाशी, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, ताळेबंद मंजूर करणे वगैरे विषयांनंतर, शेवटची ओळ ठरलेली असे: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ही ओळ बाबांना कधीच आवडली नाही. सभासदाने तयारीने यावे म्हणून नोटीस काढायची आणि महत्त्वाचे तेवढे आयत्या वेळी आणायचे, तर मग फळ्याला टाचण्या तरी कशाला टोचायच्या, असे ते म्हणत. पाण्याच्या टाकीचा मोठा खर्च एकदा त्या ओळीखाली मंजूर झाला, तेव्हा त्यांनी आधी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवला आणि मगच खाली सचिव म्हणून सही केली.

हे आठवण्याचे कारण असे की, जुलै महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, दुपारी चारच्या मुदतीच्या बरेच आधी, मी न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटी क्लार्कच्या कार्यालयात शिक्षण मंडळाच्या निवडणुकीसाठी माझा अर्ज दाखल केला. येथे राहून मला एकोणीस वर्षे झाली. थोरली याच गावच्या शाळांतून शिकून बाहेर पडली, धाकटा अजून शिकतो आहे. अर्ज भरल्यापासून भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाने मला दोन प्रश्न विचारले: हे मंडळ नेमके करते काय, आणि तुला या भानगडीत पडायची हौस का? प्रत्येकाला उभ्याउभ्या उत्तर देताना काहीतरी राहून जाते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

न्यू जर्सीत सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा उभा राहतो, पण येथे तो बहुतेक ठिकाणी एका गावाएवढाच असतो आणि त्याचा कारभार सहसा गावातल्या मतदारांनी निवडलेले मंडळ पाहते. आमच्या मंडळात नऊ सदस्य आहेत. मुदत तीन वर्षांची, दरवर्षी तीन जागांची निवडणूक. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते आणि सदस्याला पगार किंवा मानधन मिळत नाही. मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, धोरणे ठरवते, सुपरिंटेंडेंटची, म्हणजे शाळांचा कारभार चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याची, नेमणूक करते आणि कंत्राटांना मान्यता देते. शाळा चालवणे हे त्याचे काम नाही, त्या नीट चालवल्या जातात की नाही हे पाहणे हे त्याचे काम आहे, आणि राज्याच्या कायद्यातल्या सदस्यांच्या आचारसंहितेतही हा भेद जवळजवळ याच शब्दांत सांगितलेला आहे. पैशाच्या बाजूने पाहायचे तर या राज्यात घरावरचा मालमत्ता कर वर्षाला सरासरी १०,००० डॉलरच्या घरात गेला आहे, आणि त्यातला साधारण निम्मा वाटा शाळांकडे जातो. एवढ्या रकमेचा निर्णय घेणाऱ्या सभेला शंभर माणसे आली तर आमच्याकडे ती मोठी गर्दी समजली जाते.

पूर्वी या पैशावर मतदारांचा थेट हात होता. शिक्षण मंडळाच्या निवडणुका एप्रिलमध्ये होत आणि त्याच मतपत्रिकेवर शाळांचे अंदाजपत्रक मंजूर आहे की नाही, हेही विचारले जाई. २०१० साली राज्याने स्थानिक करवाढीवर, काही सवलती सोडल्या तर, वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यानंतर जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या कायद्याने डिस्ट्रिक्टांना आपली निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेण्याची मुभा दिली, आणि जे नेतील त्यांना या मर्यादेत बसणारे अंदाजपत्रक मतदारांपुढे ठेवण्याची गरज उरली नाही. बहुतेक डिस्ट्रिक्टांनी ती मुभा घेतली. त्यात गैर काही नाही. एप्रिलमध्ये मतदानाला फारसे कोणी येत नसे आणि वेगळ्या निवडणुकीचा खर्च मात्र होई. परंतु मतपत्रिकेवरून अंदाजपत्रक गेल्यावर सामान्य माणसाला हस्तक्षेप करता येईल अशी एकच जागा उरली, ती म्हणजे मंडळाची सभा, आणि ती सभा खरोखर खुली आहे का, हा प्रश्न त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा झाला. माझ्या उमेदवारीचा विषय एवढाच आहे.

आता ज्या सभेमुळे मी उभी राहिले, तिच्याविषयी. या राज्याच्या कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतचे मूल शाळेपासून २ मैलांहून लांब राहत असेल, किंवा नववी ते बारावीचे मूल अडीच मैलांहून लांब राहत असेल, तर त्याच्या येण्याजाण्याची सोय डिस्ट्रिक्टला करावी लागते. त्याहून जवळच्या मुलांना बस दिली तर ती केवळ सौजन्य म्हणून, आणि तिला म्हणतातही ‘कर्टसी बसिंग’. पैशाची ओढाताण सुरू झाली की कात्री प्रथम या सौजन्यावर चालते. आमच्या गावात एक जुना रस्ता आहे, अंतर पावणेदोन मैल, म्हणजे नियमाच्या आत. पण त्याला पदपथ नाही आणि महामार्गालगतच्या गोदामांकडे जाणारे मोठे ट्रक सकाळी सातपासून त्यावरून धावतात. कागदावर पावणेदोन मैल म्हणजे पावणेदोन मैल. आठ वर्षांच्या मुलाने ते पाठीवर दप्तर घेऊन, गोठलेल्या बर्फाच्या कडेकडेने चालायचे असतील तर ते अंतर वेगळे होते.

त्या सायंकाळी सभा सातला सुरू झाली. राष्ट्रध्वजाला वंदन झाल्यावर लगेच मंडळ बंद दाराआड गेले, ते साडेआठनंतर परतले. त्यानंतर विज्ञान स्पर्धेतल्या मुलांना प्रशस्तिपत्रके दिली गेली, छायाचित्रे निघाली, आणि मुलांना घेऊन बरेचसे पालक घरी गेले. मग चिटणिसांनी वाचले, ‘एफ-१ ते एफ-२२’. वित्त विभागाचे हे सर्व बावीस विषय एकत्र, एकाच ठरावाने. कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिले, नावे पुकारली गेली, नऊ वेळा ‘येस’ ऐकू आले. मी घड्याळ लावले नव्हते, पण एक मिनिटही लागले नसावे. लोकांच्या बोलण्याची पाळी आली तेव्हा दहा वाजायला आले होते. अंगात अजून चकाकत्या पट्ट्यांचे जॅकेट असलेला एक गृहस्थ, बहुधा गोदामातली पाळी संपवून तडक आलेला, ध्वनिक्षेपकापाशी गेला आणि म्हणाला की त्या रस्त्यावरची बस बंद होणार असे त्याने ऐकले आहे, तर त्यावर मतदान कधी होणार? अध्यक्षांनी सांगितले की, या भागात मंडळ प्रश्नांची उत्तरे देत नाही. तो प्रत्येकाला मिळणाऱ्या तीन मिनिटांपैकी एकच मिनिट वापरून परतला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मी माझ्याजवळच्या कागदावर त्याला एफ-१४ दाखवले: ‘सोबत जोडलेल्या तक्त्यानुसार पुढील वर्षाच्या बसमार्गांना मान्यता देणे’. तो सोबत जोडलेला तक्ता कुठे आहे, असे त्याने विचारले. तक्ता सदस्यांकडच्या कागदपत्रांत होता. आमच्याजवळच्या विषयपत्रिकेला काहीही जोडलेले नव्हते.

यात कायद्याचा भंग झाला, असे मात्र मला म्हणता येत नाही. हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे घरी जाऊन मी आधी कायदाच वाचला. न्यू जर्सीचा ‘ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट’ १९७५ सालचा; त्याला येथे प्रेमाने ‘सनशाइन लॉ’ म्हणतात, म्हणजे कारभारावर ऊन पडू देणारा कायदा. सभा लोकांसाठी खुल्या हव्यात, त्यांची आगाऊ सूचना हवी, वर्षाच्या वेळापत्रकात नसलेल्या सभेसाठी किमान ४८ तासांची सूचना हवी आणि तिच्यात तोवर ठरलेले विषय हवेत, बंद दाराआड कोणते विषय नेता येतील त्यांची यादी ठरलेली हवी, हे सर्व त्यात आहे. शिक्षण मंडळाने प्रत्येक सभेत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणेही बंधनकारक आहे. फक्त किती वेळ, हे ठरवणे मंडळावर सोडले आहे, आणि तो सभेच्या आरंभी द्यायचा की अखेरीस, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी प्रथेने ठरते. राहिला तो जोडलेला तक्ता. मिडलंड पार्क या गावच्या शिक्षण मंडळाविरुद्ध अगदी याच मुद्द्यावर खटला झाला होता, आणि २०१५ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की, विषयपत्रिकेसोबतची जोडपत्रे सभेपूर्वी संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन हा कायदा घालत नाही.

म्हणजे दार उघडे आहे, दिवे लागलेले आहेत, खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि तरीही आत आलेल्या माणसाला काय चालले आहे ते कळत नाही. बाबांच्या नोटिशीतल्या त्या शेवटच्या ओळीची ही अधिक सभ्य आवृत्ती झाली. येथे विषय आयत्या वेळी येत नाही, तो पत्रिकेवर वेळेत असतो. आयत्या वेळी येते ती त्या विषयाची माहिती, आणि पुष्कळदा तर वेळ निघून गेल्यावर.

त्यामुळे माझ्या मागण्या बहुतेक वेळेसंबंधीच्या आहेत. प्रचारपत्रकात मी ‘पारदर्शक’ हा शब्द मुद्दाम टाळला, कारण तो निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक जण वापरतो आणि त्याने कोणाचेच काही बिघडत नाही. त्याऐवजी लिहिले की, सदस्यांना जे कागद मिळतात ते, मुलांची नावे आणि कायद्याने गोपनीय असलेला मजकूर वगळून, सभेपूर्वी सात दिवस सर्वांना मिळावेत. सात दिवसांची मुदत राज्य घालून देत नाही. पण मंडळ स्वतःच्या नियमावलीत ती घालून घेऊ शकते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही, कारण ते कागद सदस्यांसाठी तयार झालेलेच असतात. एकत्र मंजूर करायच्या विषयांत केवळ नित्याच्या बाबी असाव्यात, आणि ज्या विषयाने एखाद्या मुलाचा दिवस बदलतो तो वेगळा काढून, वाचून, त्यावर चर्चा होऊन मताला टाकावा. लोकांच्या बोलण्याची वेळ दोनदा असावी, एकदा मतदानापूर्वी पत्रिकेवरच्या विषयांसाठी आणि एकदा अखेरीस इतर गोष्टींसाठी. शेजारच्या काही गावांत ही पद्धत आहे आणि तेथे आभाळ कोसळलेले नाही.

याला होणारा विरोध मला ठाऊक आहे आणि तो सगळाच खोटा नाही. दर महिन्याला तेच तीन-चार जण उठतात, तेच बोलतात, कधी आवाज चढवतात, कधी एखाद्या शिक्षकाचे नाव घेऊन नको ते बोलतात. मंडळावरचे लोक दिवसभर नोकरी करून, विनामोबदला, रात्री अकरापर्यंत बसलेले असतात. त्यांनाही घर आहे. उत्तरे न देण्याच्या प्रथेमागे वकिलाचा सल्ला असतो, आणि घाईत दिलेले चुकीचे उत्तर न दिलेल्या उत्तरापेक्षा वाईट, हेही खरे आहे. म्हणून जागच्या जागी उत्तर द्या, असा माझा आग्रह नाही. त्या सभेत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे दोन ओळींचे लेखी उत्तर पुढच्या सभेच्या कागदांत छापावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘मतदान आजच झाले, विषय क्रमांक एफ-१४’ एवढे उत्तरही त्या गृहस्थाला पुरले असते.

बंद दाराआडच्या बैठकांविषयी आपल्या लोकांत फार संशय असतो. तेथे सगळे ठरते आणि बाहेर नाटक होते, असे सर्रास बोलले जाते. मला हा संशय अर्धाच पटतो. एखाद्या विद्यार्थ्यावरची कारवाई, चालू असलेला खटला, शिक्षक संघटनेशी वेतनकराराची बोलणी, हे विषय चारचौघांत करण्यासारखे नाहीत. शिवाय कर्मचाऱ्याला येथे एक चांगले संरक्षण आहे: त्याच्या नोकरीविषयी बंद बैठकीत चर्चा व्हायची असेल तर त्याला आधी सूचना द्यावी लागते, आणि ती चर्चा खुल्या सभेतच करा अशी मागणी तो करू शकतो. १९७७ सालच्या एका खटल्यावरून त्या सूचनेला ‘राइस नोटीस’ असे नाव पडले आहे. पुढे २०१८ साली केन विद्यापीठाच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मंडळ चर्चा न करता थेट खुल्या सभेत मत देणार असेल तर अशा सूचनेची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. माणसाच्या नोकरीचा निर्णय चर्चेविना घेणे अधिक सोपे झाले, एवढे मात्र खरे. माझी हरकत बंद दाराला नाही. ते बंद करताना कारण सांगावे लागते आणि आतली चर्चा साधारण केव्हा जाहीर करता येईल, हेही ठरावात म्हणावे लागते. आमच्याकडे हे वाक्य छापील असते: ‘गोपनीयतेची गरज संपल्यावर’. ती गरज संपली की नाही, हे कोणी कधी पाहिले, असे मला कोणाला सांगता आले नाही. दर सहा महिन्यांनी बंद बैठकांच्या इतिवृत्तांची यादी काढून त्यांपैकी कोणती खुली करता येतील, यावर मंडळाने मत द्यावे. पूर्ण झालेल्या मालमत्ता-व्यवहाराची किंवा मिटलेल्या खटल्याची गुपिते कपाटात सांभाळत बसण्यात काही हशील नाही.

कागद मागण्याच्या हक्काविषयी आपण महाराष्ट्रातले लोक तसे जाणते आहोत. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ सालचा, देशाच्या कायद्याच्या तीन वर्षे आधीचा. आणि योगायोग असा की न्यू जर्सीचा ‘ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट’, ज्याला सगळे ‘ओप्रा’ म्हणतात, तोही त्याच वर्षी जुलैत लागू झाला. तिकडे १० रुपये भरून ३० दिवसांत माहिती मिळायची असते, येथे सामान्यतः ७ कामकाजाच्या दिवसांत, आणि छापील प्रत हवी असल्यास साध्या पानाला ५ सेंट. मात्र २०२४ साली या कायद्यात बदल झाले आणि त्यांवर पत्रकारांनी व नागरिकांच्या संघटनांनी बरीच टीका केली. विशेषतः कागद नाकारले म्हणून न्यायालयात गेलेल्या आणि जिंकलेल्या माणसाला वकिलाचा खर्च मिळण्याची पूर्वीची खात्री आता उरलेली नाही. सामान्य पालकाने वकील लावायचा तरी कोणत्या भरवशावर?

पण माझ्या मते ज्या कागदासाठी अर्ज करावा लागतो तो कागद मुळात चुकीच्या जागी ठेवलेला असतो. दरमहा मंजूर होणारी बिलांची यादी, सुपरिंटेंडेंटचा करार, वकील, लेखापरीक्षक आणि वास्तुविशारद यांच्या नेमणुका, हे सगळे एका ठिकाणी, शोधता येईल अशा रूपात, आपण होऊन ठेवता येते. सुपरिंटेंडेंटचा चालू करार बदलायचा किंवा वाढवायचा तर ३० दिवस आधी जाहीर सूचना आणि जाहीर सुनावणी कायद्यानेच लागते. मी फक्त असे म्हणेन की त्या सूचनेबरोबर जुना आणि नवा करार शेजारीशेजारी ठेवावा, म्हणजे काय बदलले ते शोधायला माझ्यासारखी हिशेबनीस लागणार नाही. व्यावसायिक सेवांसाठी निविदा मागवण्याचे बंधन कायद्याने नाही, म्हणून तर त्या नेमणुकांमागचे कारण एका परिच्छेदात लिहून ठेवणे अधिक गरजेचे आहे. या सेवा कोणी वाईट देते, असा माझा आरोप नाही. वर्षानुवर्षे तेच नाव पत्रिकेवर येत असेल आणि का, ते कोणी विचारत नसेल, तर हिशेब तपासणाऱ्याची नजर तेथे थबकते. हा माझ्या धंद्याचा दोष समजा.

अंदाजपत्रकातही खरी अडचण वेळेचीच आहे. राज्याकडून किती मदत येणार, हे आकडे गव्हर्नरांच्या अंदाजपत्रकाच्या भाषणानंतर, म्हणजे सहसा मार्चच्या सुमारास कळतात. लगोलग मंडळाला प्राथमिक अंदाजपत्रक करावे लागते आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुनावणी होऊन विषय संपतो. सुनावणीच्या रात्री हजर राहणाऱ्याला असे दिसते की सगळे आधीच ठरलेले आहे, आणि ते खरेच असते, कारण तोवर काही बदलण्याइतका अवधी राहिलेला नसतो. कर वाढवता येतो २ टक्क्यांनी, आरोग्यविमा त्याहून कितीतरी वेगाने वाढतो, तेव्हा दरवर्षी काहीतरी कापले जाणार हे नोव्हेंबरमध्येच ठाऊक असते. मग कापायच्या गोष्टींची यादी, प्रत्येकीपुढे वाचणारी रक्कम आणि किती मुलांना फटका बसेल तो आकडा, हे जानेवारीत लोकांपुढे ठेवायला काय हरकत आहे? राज्याची रक्कम नंतर कळेल ती कळेल. त्या रस्त्यावरची बस चालवायला वर्षाला किती खर्च येत होता, हे मला ती बंद झाल्यावर पाच आठवड्यांनी, अर्ज करून, कळले.

न्याय्य कारभाराची गोष्ट करायची तर मला आधी आपल्याच लोकांशी बोलावे लागेल. एका घरगुती गणपतीच्या तयारीच्या बैठकीत एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणाले, ‘बरे झाले तुम्ही उभ्या राहिलात, आपला माणूस बोर्डावर असला की कामे होतात.’ कोणती कामे, असे मी विचारले. नातवाला गणिताच्या वरच्या वर्गात घ्यायचे होते. चाचणीत थोडे गुण कमी पडले होते. ते अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत आणि त्यांनी जे मागितले त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही, कारण आपण सगळे याच रीतीत वाढलो: ओळख काढायची, चिठ्ठी न्यायची, साहेबांना फोन करायचा. मी त्यांना सांगितले की, निवडून आले तर मला या बाबतीत आजच्यापेक्षाही कमी करता येईल. कायदा सदस्याला सांगतो की तक्रार आली तर ती सुपरिंटेंडेंटकडे पाठवा, स्वतः परस्पर काही करू नका, खासगी आश्वासन देऊ नका. १९९२ पासून लागू असलेल्या शाळांच्या नीतिमत्ता कायद्याखाली प्रत्येक सदस्याला दरवर्षी आपल्या व नातलगांच्या हितसंबंधांचे निवेदन द्यावे लागते आणि पहिल्या वर्षी प्रशिक्षणही घ्यावे लागते. स्नेही थोडे हिरमुसले. मला मत देतील की नाही, सांगता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीचेही तसेच. आजूबाजूच्या काही डिस्ट्रिक्टांत दिवाळीला शाळा बंद असतात, आणि आमच्याकडे ती मागणी मी करावी अशी अपेक्षा आहे. मला सुट्टी हवीच आहे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून मुलाला सकाळच्या बसला पिटाळताना माझाही जीव तुटतो. पण ती आपल्या मताच्या जोरावर मागून घ्यायची नाही. कोणत्या दिवशी किती मुले आणि किती शिक्षक गैरहजर असतात, हे आकडे सर्व सणांसाठी सारखेच काढावेत, निकष आधी ठरवावा, आणि तो ज्याला लागू होईल त्याला सुट्टी मिळावी. त्या निकषात ईद बसली आणि चिनी नववर्ष बसले तर तेही. शाळांच्या हद्दी बदलताना हीच रीत हवी, आधी निकष आणि मग नकाशा. नकाशा आधी काढला की प्रत्येक रेघ कोणाच्या तरी घराला वळसा घालून गेलेली दिसते.

या गावात आपल्यापैकी पुष्कळांना मत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षे उभी असलेली कुटुंबे घर घेतात, मालमत्ता कर भरतात, मुले येथल्या शाळेत घालतात, आणि नोव्हेंबरमध्ये घरी बसतात. भारतात शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे ठरवून दिले. त्या समित्या किती ठिकाणी कागदावरच राहतात, तो भाग निराळा. येथे तशी तरतूद नाही, आणि ज्यांची मुले मोठी होऊन गेली तेही कर भरतात म्हणून मत सर्व नागरिकांना, ही कल्पनाही रास्तच आहे. पण मत नसलेल्यांना मी आवर्जून सांगते की, सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. तेथे नाव आणि गाव सांगितले की पुरते. त्यांच्यासाठी आणि त्या जॅकेटवाल्या गृहस्थासाठी बोलण्याची वेळ आठच्या आत यावी, दूरध्वनीवरून किंवा लेखी म्हणणे मांडता यावे, आणि महत्त्वाच्या सूचना गावात बोलल्या जाणाऱ्या चार-पाच भाषांत निघाव्यात, हे मी मागणार आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना तर ही सोय सर्वांत आधी हवी, कारण रात्री दहापर्यंत मुलाला कोणाकडे ठेवून सभेला बसणे त्यांना बहुधा शक्यच नसते.

निवडून आले तरी माझे मत नवातले एक असेल. एकट्या सदस्याला मंडळाच्या वतीने काहीच करता येत नाही, पत्रकदेखील काढता येत नाही. एकत्र ठरावातून एखादा विषय बाहेर काढा, असे मात्र एकट्याने म्हणता येते, आणि विरोधी मत देऊन त्याचे कारण सांगता येते. बाबांनी पाण्याच्या टाकीच्या वेळी एवढेच केले होते. परवा फोनवर त्यांना हे सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले की, तुमच्याकडे इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करतात का? मी म्हटले, वाचत नाहीत, पण मंजूर करतात. ‘मग कोण तपासते?’ असे ते म्हणाले.

ऑगस्टच्या सभेची विषयपत्रिका शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला संकेतस्थळावर आली. सभा मंगळवारी आहे. वित्त विभागात यावेळी एकोणतीस विषय आहेत, सगळे एका ठरावात, आणि एफ-१७ मध्ये पुन्हा ‘सोबत जोडलेल्या तक्त्यानुसार’ असे शब्द आहेत. तक्ता जोडलेला नाही. शनिवारी सकाळी मी चिटणिसांना पत्र लिहून तो मागितला आहे, आणि त्या गृहस्थालाही सभेची वेळ कळवली आहे. तो म्हणाला, पाळी बदलून घेता आली तर येईन.